डोळे आले

पूर्वी समुद्रकाठच्या भद्रतट नगरात सुकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका सुताराच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव गुणपाल ठेवले. तो हाताने कुशल आणि स्वभावाने शांत निघाला. केस पिकू लागले तेव्हा राजाने त्याला आपल्या नौकाशाळेचा मुख्य केले.

ही नौकाशाळा खाडीच्या काठावर होती. तिथे नवी तारवे बांधली जात, आणि समुद्राची फेरी करून आलेली जुनी तारवे ओंडक्यांवर ओढून घेऊन त्यांची डागडुजी होई. लाकूड वरून धडधाकट दिसते आणि आतून किड्याने खाल्लेले असते. म्हणून तारू पाण्यात सोडण्याआधी सुतार त्याच्या तळाखाली शिरत आणि लाकडी मोगरीने एकेक फळी ठोकून पाहत. चांगली फळी ठणकन वाजे. खाल्लेल्या फळीतून भदभद आवाज येई. यात मोठी विद्या नव्हती. ठोकायचे आणि ऐकायचे, एवढेच.

गुणपाल कुणावर ओरडत नसे, हे आधीच सांगून ठेवायला हवे. नाहीतर पुढची हकिकत ऐकून कुणी त्याला दुष्ट ठरवील, आणि मग गोष्ट फार सोपी होऊन बसेल. त्याच्या आधीचा मुख्य शिवराळ होता, चिडला की हातातले हत्यार भिरकावी. गुणपालाने आल्या आल्या ते सारे बंद केले. आजारी माणसाला तो घरी पाठवी, कुणाच्या घरी बारसे असले तर स्वतः जाई. सुतार त्याला आचार्य म्हणत, आणि मनापासून म्हणत.

या सुतारांत भल्लक नावाचा एकजण होता. लहानपणी अनाथ झालेल्या भल्लकाला गुणपालाने स्वतः रंधा धरायला शिकवले होते. गुणपाल मुख्य झाला त्याच वर्षी, एका संध्याकाळी काम आटोपत आले असताना, भल्लक तारवाखालून बाहेर आला आणि म्हणाला, "आचार्य, डाव्या अंगाची एक फळी पोकळ वाजतेय."

गुणपालाला मनापासून आनंद झाला. आपल्या हाताखालच्या माणसाचा कान इतका तयार झाला याचे त्याला कौतुक वाटले. त्याने सगळ्यांना जवळ बोलावले आणि भल्लकाच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, "बघा, याला दिसलं. तुम्हा कुणाला दिसलं नाही, याला दिसलं. ज्याला दिसलं त्याचाच हात त्याला लागावा. भल्लका, ही फळी तूच बदल."

त्याच्या मनात हा मान होता. भल्लकानेही तो मान म्हणूनच घेतला. बाकीचे घरी गेले आणि भल्लक एकटा तारवाखाली आडवा पडून खिळे उपटत राहिला. जुनी फळी काढायची, नवी तासून बसवायची, सांध्यात काथ्या ठोकायचा, वर राळ ओतायची. हे काम त्याच्या रोजच्या वाट्याबाहेरचे होते, आणि रोजचा वाटा काही कमी झाला नाही.

पुढे ती रीतच पडली. कुणीही खोट सांगायला आला की गुणपाल प्रसन्न होई, त्याला शाबासकी देई आणि म्हणे, "तुला दिसलं ना? मग तूच कर." त्याला वाटे, याने माणसे जबाबदार होतील. ज्याने खोट शोधली तोच ती नीट भरून काढील. आणि हे काही अगदीच चुकीचे नव्हते, म्हणून तर त्याच्या ध्यानात काही आले नाही. प्रत्येक शाबासकीबरोबर एकेकाची संध्याकाळ जात होती. जो जास्त ऐके त्याच्या जास्त संध्याकाळी जात.

सुतार थट्टेखोर होते. भल्लक पुन्हा तारवाखाली राहिलेला दिसला की ते एकमेकांना म्हणत, "भल्लकाला डोळे आले रे." खोट दिसते म्हणजे डोळे आले, आणि डोळे आले की माणूस घरच्यांपासून दूर पडतो, असा त्या थट्टेतला दुहेरी अर्थ. थट्टा चांगली होती, म्हणून टिकली. पुढे पुढे नवा माणूस कामाला लागला की त्याला हत्यारे कुठे असतात हे दाखवण्याआधी सांगत, "इथे डोळे येऊ देऊ नकोस."

एके सकाळी गुणपाल लाकडाच्या थप्पीमागून जात असताना त्याच्या कानावर आले, "कालच्याला सोमिललाही डोळे आले." मग हसणे ऐकू आले. सोमिल हा भल्लकाच्या जोडीने ठोकणी करणारा सुतार. गुणपाल तिथेच थबकला. त्याला हसण्याचा रागच आला. माणसाचे डोळे दुखतात आणि हे हसतात कसे?

त्याने त्याच दिवशी वैद्याला बोलावले. वैद्याने त्रिफळ्याचा काढा करून दिला. गुणपालाने सगळ्या सुतारांना रांगेत उभे केले आणि प्रत्येकाच्या ओंजळीत स्वतःच्या हाताने तो काढा ओतला. "साथ आहे म्हणतात," तो म्हणाला, "हयगय नको. घरी बायकामुलांनाही न्या."

सुतारांनी एकमेकांकडे पाहिले. एकाचे ओठ हलले, पण दुसऱ्याने त्याचा पाय दाबला. मग सगळ्यांनी आपापले निरोगी डोळे काढ्याने धुतले. भल्लकाने धुतले, सोमिलने धुतले. गुणपाल समाधानाने पाहत होता. डोळे आले म्हणजे काय, हा एक प्रश्न त्याने त्या रांगेत कुणालाही विचारला असता तर ही कथा इथेच संपली असती. पण ज्याला औषध माहीत आहे असे वाटते तो रोग विचारत नाही.

त्यानंतर मोगऱ्या वाजत राहिल्या, पण वेगळ्या वाजू लागल्या. तारवाच्या आतल्या बाजूला जिथे आडवे वासे असतात तिथे फळी वाशावर खिळलेली असते, आणि तिथे ठोकले की सडकी फळीसुद्धा ठणकन बोलते. सुतार तिथेच ठोकू लागले. कुणी तसे ठरवले नव्हते, आणि एकमेकांना सांगितलेही नव्हते. हात आपोआप तिकडे गेले. गुणपाल आपल्या पडवीत बसून सकाळची पेज पिताना तो ठणठण आवाज ऐके आणि त्याला वाटे, आपल्या कारकिर्दीत तारवे किती सुधारली. खोट घेऊन येणारी माणसे जवळजवळ उरलीच नव्हती. राजापाशी त्याने हे अभिमानाने सांगितले, आणि राजाने त्याला शाल दिली.

असे असता हंसिनी नावाचे मोठे तारू पलीकडच्या बेटावर माणसे आणि तांदूळ घेऊन जायचे ठरले. आदल्या दिवशी तिच्या तळाची ठोकणी सोमिलकडे होती. त्या दिवशी सोमिलची आई शेवटच्या घटका मोजत होती. तो सकाळीही घरून निघायला तयार नव्हता, पण आईच म्हणाली, जा, संध्याकाळी ये. त्याचे चित्त थाऱ्यावर नव्हते, आणि म्हणूनच मोगरी नेहमीच्या जागेवर न पडता दोन वाशांच्या मधे पडली. आवाज भद्द आला. सोमिलने पुन्हा ठोकले. पुन्हा तसाच आला.

तो तिथे बराच वेळ आडवा पडून राहिला. बाहेर ऊन उतरत होते. सांगितले तर आचार्य खूश होतील, पाठीवर हात ठेवतील आणि म्हणतील, तूच कर. आईचे सांगून सुटका मागता आली असती. पण तसे मागणारा खोट शोधून पळ काढतो असे दिसले असते, आणि आचार्यांसमोर तसे दिसायला कुणालाच आवडत नसे. एका फेरीला काही होत नाही, परत आली की सांगू, असे मनाशी म्हणून सोमिल बाहेर आला. गुणपालाने विचारले, "झालं?" तो म्हणाला, "झालं." त्या रात्री त्याची आई मुलाचा हात धरून गेली.

प्रत्येक तारवाबरोबर एक सुतार जात असे. हंसिनीबरोबर भल्लक गेला.

खाडीच्या मुखाशी, जिथे नदीचे पाणी आणि समुद्राचे पाणी एकमेकांना ढकलतात, तिथे तळाची फळी फुटली. भल्लक खाली उतरला. त्याने भोकात काथ्या कोंबला, तांदळाची पोती रेटली, अंगावरचे वस्त्रही कोंबले, आणि शेवटी आपली पाठ लावून बसला. त्यामुळे तारू सावकाश बुडाले. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना होड्या घेऊन पोहोचायला वेळ मिळाला, आणि वरची सगळी माणसे वाचली. लेकरेबाळे होती त्यांत, म्हाताऱ्या होत्या. भल्लक तेवढा वर आला नाही.

राजाने दरबार भरवला. सगळे सुतार हात जोडून उभे राहिले. भल्लकाची बायको पाटला एका बाजूला बसली होती. राजाने विचारले, "तळाची ठोकणी कुणाकडे होती?"

सोमिल पुढे आला. त्याने काही लपवले नाही. "माझ्याकडे, महाराज. आवाज पोकळ आला होता."

"मग बोलला का नाहीस?"

 आईचे नाव सोमिलने घेतले नाही.

त्या राज्यात तारवाची खोट लपवणाऱ्याचा उजवा हात तोडण्याचा कायदा होता. सुताराचा उजवा हात गेला म्हणजे मागे काय उरते, हे सांगायला नको. राजा गुणपालाकडे वळला. "गुणपाला, तुला या फळीविषयी कुणी काही सांगितलं होतं?"

"नाही, महाराज."

"तू कधी कुणाला गप्प राहायला सांगितलंस? खोट सांगणाऱ्याला शिक्षा केलीस?"

"कधीच नाही, महाराज."

"मग तुझ्यावर काही दोष नाही," राजा म्हणाला.

गुणपालाच्या छातीवरचे ओझे उतरले. हे लपवण्यात अर्थ नाही; बोधिसत्त्व असला तरी त्या क्षणी त्याला सुटल्यासारखे वाटले. भल्लकासाठी त्याचे काळीज तुटत होते आणि त्याच वेळी आपण निर्दोष आहोत याचे बरेही वाटत होते. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या सुतारांपैकी कुणीतरी शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "बिचाऱ्याला अवेळी डोळे आले."

गुणपालाने मान वळवली. सोमिलचे डोळे स्वच्छ होते. रडून लाल झाले होते तेवढेच. "डोळे आले म्हणजे काय?" त्याने विचारले.

 त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. वर्षानुवर्षे ज्यांच्या बारशांना जेवला ती माणसे पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. शेवटी पाटला बोलली.

"आचार्य, ज्याला फळी सडकी दिसते त्याला डोळे आले म्हणतात. कारण मग ती त्यालाच बदलावी लागते."

गुणपालाला त्रिफळ्याचा काढा आठवला.

"ह्यांनी तो काढा घरी आणला होता," पाटला पुढे म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मला सांगताना पोट धरून हसले. मग हसायचे थांबले. मी म्हटलं, जाऊन सांगा ना आचार्यांना, खरं काय ते. तर म्हणाले, आधीच्या मुख्यांना मी तोंडावर सांगितलं असतं, ते शिव्या देणारे होते. आचार्य चांगले आहेत. स्वतःच्या हाताने काढा ओततात. चांगल्या माणसाला कसं सांगायचं?"

 सुटण्याचा रस्ता गुणपालापुढे अजून उघडा होता. राजाचा निवाडा झाला होता, आणि त्याने दिलेली उत्तरे खोटी नव्हती. गप्प राहिला असता तर पद, शाल आणि नाव तिन्ही राहिली असती, आणि एका सुताराचा हात गेला असता. गुणपाल सोमिलच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"महाराज, मला कुणी सांगितलं नाही हे खरं. पण त्यांनी मला का सांगितलं नाही, हे आपण विचारलं नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही. जो जो सांगायला आला त्याला मी जास्तीचं काम देऊन परत पाठवलं. वरून गोड बोललो, म्हणून त्यांना तक्रारसुद्धा करता आली नाही. गप्प राहायला मीच शिकवलं यांना. सोमिल माझ्याकडून शिकला तसा वागला. हात तोडायचा तर ज्या हाताने मी पाठी थोपटल्या तो तोडा."

 राजा म्हणाला, "सोमिलला सोडा. गुणपाला, तुझा हात तोडून माझ्या तारवांना काही मिळणार नाही. आणि तू पद सोडून निघून गेलास तर सुटशील. तेही मी होऊ देणार नाही. तिथेच राहा आणि ती माणसं पुन्हा बोलती कर."

गुणपालाने शाल परत केली आणि तो नौकाशाळेत परतला. त्याने रीत बदलली. खोट सांगेल त्याने त्या दिवशी लवकर घरी जावे आणि दुरुस्ती बाकीच्यांनी मिळून करावी, त्यात मुख्याने पहिला हात लावावा, असे त्याने ठरवले. सगळ्यांनी मान डोलावली. आणि कुणीही आले नाही. शब्दाने मोडलेला विश्वास शब्दाने जोडता आला असता तर मुख्यांचे काम किती सोपे झाले असते. गुणपाल स्वतः तळाखाली शिरून ठोकी, फळ्या शोधी आणि बदली. त्याच्या हातांना पूर्वीसारखी ताकद राहिली नव्हती. सुतार मदतीला येत, पण तोंड उघडत नसत. पेज पिताना तो आता त्या ठणठण आवाजाकडे कान देई आणि त्याला घोट उतरत नसे.

पावसाळे गेले. मग एका दुपारी सोमिल त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. 

"आचार्य, त्या मधल्या तारवाच्या पुढच्या टोकाला, नाळेजवळ... आवाज वेगळा वाटतो. पण नक्की सांगता येत नाही."

गुणपालाने हातातले काम खाली ठेवले. "चल, दाखव," तो म्हणाला.

ते तारू दुसऱ्या दिवशी पाण्यात जायचे होते. फळी काढायची म्हणजे फेरी रखडणार होती, आणि व्यापारी काठावर येऊन बसलेच होते. गुणपालाने फळी काढायला लावली. सगळे भोवती जमले. फळी निघाली. लाकूड आतून नव्यासारखे पिवळे, घट्ट आणि कोरडे होते. खोट नव्हतीच. काठावरचा एक व्यापारी मोठ्याने चरफडला.

सोमिलचा चेहरा पांढरा पडला. कुणी फळीकडे पाहत नव्हते. सगळे गुणपालाच्या तोंडाकडे पाहत होते, आणि गुणपालाला ते कळत होते. भल्लकाच्या वेळी तो खूश झाला होता, कारण भल्लक बरोबर होता. चुकणाऱ्याला काय म्हणायचे हे तो आजवर कधी शिकलाच नव्हता.

"बरं झालं," तो म्हणाला. "आज मला शांत झोप लागेल. सोमिल, तू घरी जा. फळी आम्ही बसवतो." मग तो व्यापाऱ्यांकडे गेला आणि उशीर आपल्यामुळे झाला असे सांगून त्यांचे बोलणे त्याने उभ्याने ऐकून घेतले.

दुसऱ्या दिवशी एक सुतार काथ्या ओला असल्याचे सांगून गेला. त्याच्यानंतर आणखी एकजण आला. मोगऱ्या हळूहळू वाशांवरून सरकून फळ्यांवर पडू लागल्या, आणि भदभद आवाज पुन्हा त्या नौकाशाळेत ऐकू येऊ लागला. गुणपालाला त्या आवाजाइतके गोड काही वाटत नसे.

हे सांगायला तो पाटलेच्या घरी गेला. ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिने सगळे ऐकून घेतले. "बरं झालं," ती म्हणाली. थोडा वेळ सूप चालत राहिले. मग ती वर न पाहता म्हणाली, "हे असते तर सगळ्यांत आधी हेच आले असते."

  गुणपाल उंबऱ्याशी बसून राहिला, आणि त्या जन्मात उरलेली सगळी वर्षे ते वाक्य त्याच्याबरोबर राहिले.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. ही कथा त्यांनी ज्या विहारात सांगितली तिथे बांधकामाची देखरेख धर्मपाल नावाच्या स्थविरांकडे, एका ज्येष्ठ भिक्षूंकडे, होती. स्थविर मायाळू होते. विहाराचे छत गळत होते, आणि स्थविर सोडून हे सगळ्यांना ठाऊक होते. बांधकामातली कुठलीही खोट जो सांगेल त्याला स्थविर "साधु, साधु" म्हणून शिडी आणून देत असत, हेही सगळ्यांना ठाऊक होते.

 मग सुजात नावाचा भिक्षू उठून उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "भन्ते, माझ्या चटईवर पाणी पडतं."

स्थविरांच्या तोंडी सवयीचा शब्द आला होता. तो त्यांनी गिळला. "कुठं पडतं?" ते म्हणाले. "चला, मला दाखवा."

तेव्हा शास्त्यांनी कथेची जुळणी सांगितली. "त्या वेळचा राजा म्हणजे या विहाराला जमीन देणारा गृहस्थ. पाटला म्हणजे रोज दाराशी भिक्षा घेऊन येणारी उपासिका. आवाज ऐकूनही गप्प राहिलेला सोमिल म्हणजे आजचे हे स्थविर. आपली पाठ लावून बसलेला भल्लक म्हणजे सुजात. आणि पाटला म्हणाली होती तसा तोच आधी आला. ज्याच्या चांगुलपणामुळे माणसं मुकी झाली तो गुणपाल मीच होतो. नको असलेलं बोलणं, चुकीचं निघालेलं बोलणं, आपल्याच दोषाचं बोलणं चेहरा न बदलता ऐकून घेणं, यालाच क्षांती म्हणतात. ती मी त्या जन्मी शिकलो, भल्लक गेल्यावर."